ताप व्हायरल होता, मग अँटिबायोटिकनं उतरला कसा?

इंदिरानगरच्या एका ताईंनी विचारलंय: "सात वर्षांच्या मुलीला ताप आला. नेहमीच्या डॉक्टरांनी व्हायरल आहे म्हणून फक्त पॅरासिटॅमॉल दिलं आणि वाट बघायला सांगितलं. चौथ्या दिवशी धीर सुटला, दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथं अँटिबायोटिक सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी ताप गेला. मग आधीच्या डॉक्टरांनी चार दिवस फुकट घालवले का? जिवाणू आणि विषाणू यांत फरक काय, त्यांच्यामुळे आजार होतो कसा आणि त्यांना आवरायचं कसं? बाटलीत औषध उरलंय, धाकट्याला सर्दी झालीय, त्याला देऊ का?"

ताई, धाकट्याला ते औषध देऊ नका. बाटली बाजूला ठेवा आणि मग पुढचं वाचा.

नाशकात तीस वर्षं रुग्ण तपासतोय, आणि हाच प्रश्न मला पावसाळ्यात रोज कुणीतरी विचारतं. साधा विषाणूजन्य ताप तीन ते पाच दिवस राहतो आणि आपणहून उतरतो. चौथ्या दिवशी संध्याकाळी काहीही दिलं असतं, अगदी साखरपाणी दिलं असतं, तरी पाचव्या दिवशी ताप गेलेला दिसला असता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. आता उलट बाजूनं बघा. मुलीला खरंच टायफॉइड असता तर बरोबर अँटिबायोटिक देऊनसुद्धा ताप पूर्ण उतरायला बहुधा तीन ते पाच दिवस लागले असते. म्हणजे एका रात्रीत ताप गेला, हीच गोष्ट तो व्हायरल असल्याकडे बोट दाखवते. दुसऱ्या डॉक्टरांना मी चूक ठरवत नाही. घशात पू किंवा कानाचा पडदा लाल दिसला असेल तर त्यांचा निर्णय योग्य असू शकतो, आणि मुलीला मी पाहिलेलं नाही. पण पहिल्या डॉक्टरांनी वाट बघायला सांगितलं, ते उपचारच होते. चार दिवस फुकट गेले नाहीत.

आता फरक. सटाण्याला माझ्या भावाची डाळिंबाची बाग आहे. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यातल्या कुठल्याही बागायतदाराला तेल्या म्हटलं की पोटात गोळा येतो. पानावर तेलकट डाग, मग फळावर काळे डाग, मग फळ तडकतं. तो रोग जिवाणूमुळे होतो. आणि गिरणारे, पिंपळगावकडे टोमॅटोवर पानं आकसून गुच्छ होतो, बोकड्या म्हणतात, तो विषाणूमुळे होतो. दोन्हीकडे झाड आजारीच दिसतं, पण शेतकऱ्याचं वागणं बघा. तेल्यासाठी तो ताम्रयुक्त फवारणी करतो, रोगट फांद्या छाटून जाळतो, छाटणीची कात्री एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना निर्जंतुक द्रावणात बुडवतो. बोकड्या आला तर त्याच्याकडे विषाणू मारणारी फवारणीच नसते. तो रोगट रोप उपटतो आणि पांढरी माशी आवरतो, कारण विषाणू तिच्या तोंडून येतो. माणसाचं वैद्यक याच दोन वाटांनी चालतं. विषाणूचा पहिला पुरावासुद्धा पिकातूनच मिळाला. १८९२ साली इव्हानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञानं रोगट तंबाखूच्या पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी त्या रसानं निरोगी रोपाला रोग झालाच. जिवाणूहून बारीक काहीतरी गाळणीतून पार जात होतं.

किती बारीक? पोटातला ई. कोलाय हा जिवाणू एका मिलिमीटरवर एकापुढे एक मांडले तर पाचशे बसतात. डेंग्यूचे विषाणू त्याच मिलिमीटरवर वीस हजार बसतील. पण खरा फरक आकाराचा नाही. जिवाणू ही पूर्ण पेशी आहे. ती खाते, वाढते, स्वतःची स्वतः दुप्पट होते. अनुकूल ऊब आणि अन्न मिळालं तर काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे सात तासांत एकाचे वीस लाखांवर. विषाणूकडे स्वतःचं काहीच नाही. आत थोडी जनुकीय माहिती, बाहेर प्रथिनाचं कवच, काहींना त्यावर स्निग्ध आवरण. आपल्या पेशीत शिरल्याशिवाय तो एकाचे दोन होऊ शकत नाही. शिरला की मात्र आपल्याच पेशीची सगळी यंत्रणा त्याच्या प्रती काढायला लागते.

आजार करण्याच्या पद्धतीही त्यामुळे निराळ्या. काही जिवाणू जागेवर बसून विष सोडतात. पटकी म्हणजे कॉलऱ्याचा जिवाणू आतड्याच्या भिंतीत शिरतसुद्धा नाही. वर चिकटून तो विष सोडतो आणि आतड्याच्या पेशी अंगातलं पाणी आणि क्षार बाहेर ओतायला लागतात. माणूस जंतूपेक्षा पाणी गेल्यानं मरतो. म्हणूनच कॉलऱ्यात जीव वाचवतं ते मीठ-साखर-पाणी. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपातून पाजलं आणि मृत्यू झपाट्यानं कमी झाले. एक लिटर पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. साखर तिथं चवीला नसते. आतड्यातून मीठ आत ओढून घ्यायला ग्लुकोज लागतं आणि मिठामागून पाणी जातं. म्हणून नुसतं मीठ-पाणी पाजू नका आणि अंदाजे मूठभर मीठही टाकू नका. मेडिकलमधली ओआरएसची पुडी मिळाली तर तीच घ्या, आणि पूर्ण पुडी पुडीवर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात मिसळा. अर्धी पुडी पेलाभर पाण्यात घालून मुलाला पाजलेली मी अनेकदा पाहिली आहे. त्यानं जुलाब वाढतात.

धनुर्वातही विषानंच होतो, आणि उन्हाळ्यातल्या लग्नात बासुंदी किंवा पेढे खाऊन दोन-चार तासांत सगळ्या पंगतीला उलट्या होतात, त्यामागेही बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस जिवाणूनं आधीच तयार करून ठेवलेलं विष असतं. ते पदार्थ पुन्हा उकळून जात नाही. जिवाणू मरतो, विष राहतं.

टायफॉइडचा जिवाणू वेगळा. तो आतड्यातून आत शिरतो, आपल्या संरक्षक पेशींमध्येच लपतो, रक्तात उतरतो, आणि दुर्लक्ष झालं तर तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पाडू शकतो. बरा झालेला माणूससुद्धा पित्ताशयात तो जिवाणू वर्षानुवर्षं बाळगून इतरांना देऊ शकतो. इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो. "विडाल पॉझिटिव्ह आली, म्हणजे टायफॉइड" असं आपल्याकडे सर्रास धरलं जातं. विडाल ही रक्ताची तपासणी, पण एकट्या तिच्यावर मी विसंबत नाही. जुन्या संसर्गानं किंवा दुसऱ्याच तापानं ती पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि पहिल्या आठवड्यात खऱ्या टायफॉइडमध्येही निगेटिव्ह असू शकते. टायफॉइडची शंका असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी, घ्यायला सांगा. पहिला डोस पोटात गेल्यावर जंतू सापडण्याची शक्यता कमी होत जाते.

विषाणूकडे वळू. प्रत्येक विषाणूला ठराविकच पेशीचं कुलूप उघडता येतं. फ्लूचा श्वसनमार्गात शिरतो, कावीळ करणारा यकृतात, रेबीजचा मज्जातंतूंत. पेशी काही अंशी तो स्वतः मारतो, बाकीचं नुकसान त्याला हुसकायला निघालेली आपलीच प्रतिकारशक्ती करते. अंगदुखी, ताप, थकवा हे बरंचसं तिचंच काम. डेंग्यू हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. त्याचे चार प्रकार आहेत. एकदा एक होऊन गेला की त्याच प्रकारापासून संरक्षण मिळतं, पण दुसऱ्या वेळी वेगळा प्रकार झाला तर पहिल्या वेळच्या प्रतिपिंडांमुळेच तो जास्त गंभीर होऊ शकतो.

नाशिककर डेंग्यूत एकाच आकड्याकडे बघतात: पेशी किती? प्लेटलेटचा आकडा रोज फोनवर नातेवाइकांना कळवला जातो. माझं लक्ष दुसरीकडे असतं. ताप उतरायला लागतो तो तिसरा ते सातवा दिवस धोक्याचा, कारण तेव्हा रक्तवाहिन्यांतून रक्तातलं पाणी झिरपून बाहेर जाऊ शकतं. घरचे "ताप गेला" म्हणून निर्धास्त होतात आणि नेमका तेव्हाच रुग्ण खचतो. पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, मूल गुंगीत जाणं, यातलं एक जरी दिसलं तरी तपासणीचा आकडा काहीही असो, लगेच दवाखाना गाठा. आणि डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यातलं काही नको. तापाला फक्त पॅरासिटॅमॉल.

मग अँटिबायोटिक विषाणूवर का चालत नाही? जिवाणूच्या पेशीला एक भिंत असते, आपल्या पेशीला ती नसते. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं ती भिंत बांधू देत नाहीत. काही औषधं जिवाणूचा प्रथिनं बनवण्याचा कारखाना बंद पाडतात, तोही आपल्याहून वेगळ्या घडणीचा असतो. विषाणूला ना भिंत, ना कारखाना. वार करायला तिथं जागाच नाही. काही विषाणूंवर खास औषधं आहेत. फ्लूवर ओसेल्टामिव्हिर आहे, पण ते पहिल्या ४८ तासांत दिलं तर चांगलं लागू पडतं. २००९च्या स्वाइन फ्लूनं हे आपल्याला शिकवलं. हिपॅटायटिस बी, एचआयव्ही, नागीण यांवरही आहेत. डेंग्यूवर, साध्या सर्दीवर नाहीत.

"पण देऊन ठेवलं तर नुकसान काय?" हा पुढचा प्रश्न. एकदा मी एका आजींच्या मुलाला लॅबमध्ये नेऊन प्लेट दाखवली होती. आजींना मूत्रमार्गाचा साधा संसर्ग होता, वय ७०. काचेच्या बशीत फिकट पिवळसर जेली, तिच्यावर जिवाणूंची धुकट साय पसरलेली. त्या सायीवर कागदाच्या बारीक टिकल्या ठेवलेल्या असतात, प्रत्येक टिकलीत एकेक अँटिबायोटिक. औषध लागू असेल तर टिकलीभोवती स्वच्छ गोल पडतो, तिथं जिवाणू उगवत नाही. तो गोल पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजतात. आजींच्या प्लेटवर तोंडानं घ्यायच्या एकाही औषधाभोवती गोल नव्हता. साय थेट टिकलीच्या कडेला जाऊन भिडली होती. दोन टिकल्यांभोवती मात्र गोल होता, आणि ती दोन्ही औषधं इंजेक्शनची, शिरेतून द्यायची. ज्या आजाराला पाच दिवसांच्या गोळ्या पुरायच्या, त्यासाठी आजी दहा दिवस दवाखान्यात राहिल्या. मुलगा म्हणाला, "सर, आई दर सर्दीला मेडिकलमधून तीच लाल पट्टीची गोळी आणायची." पाकिटावरची ती लाल रेघ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये यासाठीच असते.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांना हे समजावून सांगावं लागत नाही. भुरीवर एकच औषध सारखं मारलं की ते चालेनासं होतं, म्हणून ते गट बदलून फवारतात. भुरी बुरशीची, पण नियम तोच. लाखांत एखादा जंतू औषधाला न जुमानणारा असतो. औषध बाकीचे मारतं, तो उरतो आणि मोकळ्या रानात वाढतो. जिवाणू तर हा गुण शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात. फ्लेमिंगनी १९२८ साली पेनिसिलिन शोधलं आणि १९४५ साली नोबेल स्वीकारतानाच अपुऱ्या डोसनं जंतू निर्ढावतील असं बजावलं होतं.

क्षयरोगात तर अर्धवट उपचारांचा फटका मी सगळ्यात जास्त पाहिला आहे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केलेला हा जिवाणू सावकाश वाढतो, दुप्पट व्हायला त्याला जवळपास एक दिवस लागतो. म्हणून साध्या क्षयाचे उपचार सहसा सहा महिने चालतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, माणूस कामावर जातो आणि गोळ्या सुटतात. परत येतो तेव्हा पहिल्या गोळ्या चालत नसतात. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासा, सरकारी दवाखान्यात ती मोफत तपासतात आणि औषधंही मोफत आहेत.

घरात आवरायचं कसं, याचं उत्तर मी नेहमी उलट्या प्रश्नानं देतो: जंतू आत आला कुठल्या वाटेनं?

पाण्याच्या वाटेनं टायफॉइड, कॉलरा, कावीळ ए आणि ई. गंगापूर धरणाचं पाणी शुद्ध होऊन नळाला येतं, पण पाइप कुठं फुटला आणि शेजारून ड्रेनेज गेलं असलं की मधेच मिसळ होते. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं तर आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्या, कारण गाळ पाण्यातलं क्लोरीन खाऊन टाकतो. मग ते उकळा; खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर पुरे. गावाकडे जलसुरक्षक पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो आणि क्लोरीन उरलंय का ते बघायची ओटी टेस्ट करतो. नळीतल्या पाण्यात थेंब टाकला की पिवळा रंग आला पाहिजे. ती टेस्ट टाकीजवळ करून उपयोग नाही, गावातल्या शेवटच्या नळाला करायची. तिथं लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं असेल तर वाटेत मिसळलेली घाण मारायला ते शिल्लक आहे. पावडर टाकल्यावर अर्धा तास तरी थांबायला हवं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि रामकुंडावरचं तीर्थ श्रद्धेनं घरी आणता, ते कपाळाला लावा, देवघरात ठेवा. लेकराच्या तोंडात घालायचं असेल तर उकळून. १८६७च्या हरिद्वार कुंभातून कॉलरा यात्रेकरूंबरोबर गावोगाव गेला होता. आपल्याकडे सिंहस्थ २०२७ मध्ये येतोय. घरी पाहुणे उतरणार असतील तर पिण्याच्या पाण्याचा विचार आत्तापासून करा. गरोदर बाईला ई प्रकारची कावीळ झाली तर जिवावर बेतू शकतं, तिच्यासाठी पाणी उकळलेलंच हवं.

डासाच्या वाटेनं डेंग्यू आणि चिकनगुन्या. हा डास दिवसा चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. सिडकोतल्या एका घरात दोन भाऊ एकाच आठवड्यात डेंग्यूनं आडवे झाले. घर लखलखीत, मच्छरदाणी, सगळं. त्यांच्या आईला म्हटलं, फ्रिज पुढे ओढा. मागच्या ट्रेमध्ये बोटभर पाणी होतं आणि मोबाइलचा उजेड पडताच अळ्या वळवळत तळाशी गेल्या. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळला की साखळी तुटते. नुसतं पाणी ओतून देऊ नका. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात. काथ्यानं घासा. कूलर, मनी प्लँटची बाटली, गच्चीवरचं टायर, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी.

हवेच्या आणि हाताच्या वाटेबद्दल करोनात सगळ्यांनी इतकं ऐकलंय की फार सांगत नाही. साबण मात्र कमी लेखू नका. फ्लू, करोना यांसारख्या विषाणूंचं बाहेरचं आवरण स्निग्ध असतं, साबण ते तेलकट भांड्यासारखं सोडवतो. जुलाब-उलट्या करणाऱ्या काही विषाणूंना असं आवरण नसतं, त्यांच्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही. तिथं वाहत्या पाण्याखाली साबणानं हात चोळणंच कामाचं.

चावण्याच्या वाटेनं रेबीज. यात हयगय मला सहन होत नाही. कुत्रा चावला की मिरचीपूड, हळद, चुना भरून आणलेली जखम अजूनही येते. त्याऐवजी नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं, घड्याळ लावून धुवा आणि लगेच दवाखान्यात या. रेबीजचा विषाणू जखमेपासून मेंदूकडे नसेतून सावकाश सरकतो, बहुधा काही आठवडे घेतो. लस त्याच्या आधी पोहोचवता येते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडंही भरावी लागतात. पाण्याची भीती वाटायला लागल्यावर मग आमच्या हातात जवळजवळ काही राहत नाही. डोस मधेच सोडू नका, कुत्रा पाळीव आणि धडधाकट दिसत असला तरी तुमचं तुम्ही ठरवू नका.

लसीबद्दल एवढंच: देवी जगातून गेल्याचं १९८० साली जाहीर झालं, भारत २०१४ साली पोलिओमुक्त जाहीर झाला, दोन्ही विषाणू आणि दोन्हींवर औषध नव्हतं. २०२२ साली मालेगावात गोवराची साथ आली. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. मुलीचं आणि धाकट्याचं लसीकरणाचं कार्ड काढून बघा, गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस झालेत ना.

पुढच्या वेळी ताप आला तर वहीत वेळ आणि थर्मामीटरचा आकडा लिहा, लघवी किती वेळा झाली ते लिहा. पॅरासिटॅमॉल वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त डोस नकोत. तीन दिवसांवर ताप राहिला, किंवा वर डेंग्यूत सांगितलेलं काही दिसलं, किंवा श्वास जोरात चालला, तर वही घेऊन आपल्या पहिल्याच डॉक्टरांकडे जा. त्यांना पहिल्या दिवसाची मुलगी आठवत असते. मुलीचा चालू कोर्स किती दिवसांचा, हे औषध दिलेल्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा, मनानं बंद करू नका. कोर्स झाल्यावर बाटलीत जे उरेल ते टाकून द्या. पावडरीत पाणी घालून केलेलं ते औषध एक-दोन आठवड्यांतच बाद होतं, किती दिवसांत ते बाटलीवर छापलेलं आहे. धाकट्याला गरम वरण-भात, भरपूर पाणी, नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब.